पहिला डबल बेस घेताना या चुका टाळा

डबल बेस, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले सर्वांत मोठे आणि खर्जाचे वाद्य, शिकायचे ठरवणाऱ्याची आपल्याकडे पहिली अडचण ही असते की हे वाद्य पाहायलाच मिळत नाही. गिटार घ्यायची तर एका दुपारी दहा वाजवून पाहता येतात. डबल बेस मात्र मुंबईतल्या मोठ्या दुकानांतही बहुधा मागणी नोंदवून मागवावा लागतो, आणि गोव्यातल्या किंवा वांद्र्याच्या एखाद्या जुन्या वादकाच्या घरून निघालेला मिळालाच तर तो एकटाच असतो, शेजारी ठेवून तुलना करायला दुसरा नसतो. साहजिकच खरेदी फोटो, फोनवरचा व्हिडिओ आणि किंमत यांच्या भरवशावर होते, आणि या वाद्याविषयी सर्वांत कमी माहिती नेमक्या याच तीन गोष्टी देतात.

त्यातही व्हिडिओ सर्वाधिक फसवा असतो. बेसच्या सर्वांत जाड ‘ई’ तारेचा मूळ स्वर साधारण ४१ हर्ट्झचा आणि सर्वांत बारीक ‘जी’ तारेचा ९८ हर्ट्झचा असतो, आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून हे मूळ स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीत. आपल्याला ऐकू येतात ते वरचे उपस्वर, आणि खालचा स्वर कान स्वतःच भरून काढतो. त्यामुळे उत्तम बेस आणि भुसभुशीत आवाजाचा बेस फोनवर सारखेच वाटतात. विक्रेत्याकडून चारही मोकळ्या तारा एकेक करून, आधी बोटाने आणि मग बोने (तारांवर घासून वाजवायच्या गजाने), ॲम्प्लिफायर न लावता वाजवलेले ध्वनिमुद्रण मागवावे आणि ते चांगल्या हेडफोनवर ऐकावे. त्याला बो लावून दाखवणे जमत नसेल, तर बोने वाजवू शकणाऱ्या कोणाला तरी बरोबर घेऊन प्रत्यक्ष जाण्याखेरीज मार्ग नाही.

‘३/४’ म्हणजे लहान मुलांचा, हा गैरसमज

व्हायोलिनच्या आकारांची सवय असलेल्या माणसाला ३/४ हा आकडा पाहून वाटते की हे शाळकरी मुलांसाठी असावे, आणि तो ४/४ च्या शोधाला लागतो. डबल बेसमध्ये प्रौढांचा नेहमीचा आकार ३/४ हाच आहे, आणि व्यावसायिक वाद्यवृंदांतले बहुसंख्य वादकही तोच वाजवतात. ४/४ क्वचित दिसतो आणि नवशिक्याच्या हाताला तो जडच जातो. उंची किंवा हात फारच लहान असतील तर १/२ चा विचार करावा.

शिवाय या आकड्यांना सर्व कारखाने सारखे पाळतील असे एक माप नाही. म्हणून लेबलावर विसंबू नये, विक्रेत्याला टेपने नटपासून (गळ्याच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) घोडीपर्यंतचे (फळीवर तारा पेलणारा उभा लाकडी आधार) अंतर मोजून पाठवायला सांगावे. ३/४ बेसवर ते साधारण १०४ ते १०६ सेंटिमीटर असते. खालच्या जागांवर पहिल्या बोटापासून चौथ्या बोटापर्यंत एका पूर्ण स्वराचे अंतर पुरवावे लागते. बेसवादक आणि शिक्षक फ्रान्झ सिमांडलने रूढ केलेल्या पद्धतीत तिसरे बोट तिथे स्वतंत्रपणे वापरलेच जात नाही, ते चौथ्याला आधार देते, त्यामुळे अंतर दोन सेंटिमीटरने वाढले तरी तासाभराच्या रियाजात मनगटाला ते जाणवते.

लाकूड निवडताना पावसाळा विसरणे

बेस बांधण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात पुढची फळी, पाठ आणि कडेच्या पट्ट्या हे सगळे प्लायवूडचे असते, दुसऱ्यात पुढची फळी सलग स्प्रूसमधून कोरलेली आणि बाकीचे प्लायवूडचे असते, आणि तिसऱ्यात सगळेच सलग लाकडाचे असते, पाठ आणि पट्ट्या बहुधा मेपलच्या. याच क्रमाने आवाजाचा भरीवपणा आणि किंमत वाढत जाते, एवढे वाचून लोक कर्ज काढून तिसऱ्या प्रकाराकडे धावतात. माझे मत याच्या उलट आहे: मुंबई, कोकण किंवा गोव्यात राहणाऱ्या नवशिक्याने पहिला बेस प्लायवूडचा घ्यावा, आणि फारच तर कोरीव फळीच्या मिश्र बांधणीपर्यंत जावे.

याचे कारण हवेत आहे. अशा वाद्यांना साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. किनारपट्टीवर पावसाळ्यात ती कितीतरी दिवस ८० च्या वर असते, आणि विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये ती चाळीसच्या पुष्कळ खाली जाते. सलग लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, पण फळीची कड पट्ट्यांना चिकटवलेली असल्याने तिला आकसायला जागा मिळत नाही, आणि मग ती रेषेच्या दिशेने फाटते. प्लायवूडचे थर एकमेकांना आडवे असल्याने असा तडा त्याला सहसा जात नाही. शिकागोच्या के कंपनीने १९३७ पासून बनवलेले प्लायवूडचे बेस आजही अमेरिकेत कार्यक्रमांतून वाजतात, तेव्हा ‘प्लाय म्हणजे टाकाऊ’ ही समजूत सोडून द्यावी.

जाहिरातीतल्या शब्दांकडेही नीट पाहावे. ‘स्प्रूस टॉप’ लिहिले म्हणजे फळी कोरीव असतेच असे नाही, कारण प्लायवूडचा सर्वांत वरचा पातळ थरही स्प्रूसचा असू शकतो. एफच्या आकाराच्या छिद्राच्या कडेचा जवळून काढलेला फोटो मागवला, तर थर दिसतात की एकच सलग लाकूड दिसते, ते लगेच कळते.

सगळे पैसे वाद्यावरच घालणे

नवशिक्यांची सर्वांत महाग पडणारी चूक माझ्या मते हीच आहे. कारखान्यातून खोक्यात येणारा बेस वाजवण्याजोगा नसतो. पुष्कळदा त्याची घोडी वेगळी ठेवलेली असते, नट उंच असतो, आणि फिंगरबोर्डच्या (तारा जिच्यावर दाबतात ती लांब पट्टी) टोकाशी तारा १२ मिलिमीटर किंवा त्याहूनही वर तरंगत असतात. जॅझसाठी बसवलेल्या बेसवर हेच अंतर ‘जी’ तारेखाली साधारण ५ ते ६ आणि ‘ई’ तारेखाली ८ ते ९ मिलिमीटर असते, आणि बोने वाजवणारे ते थोडे अधिक ठेवतात. चारही तारांचा एकत्र ताण शंभर किलोच्या पुढे जातो. अशी ताणलेली एकेक तार बारा मिलिमीटर खाली दाबायची म्हटली, की महिन्याभरात मनगट धरते, आणि विद्यार्थी ‘माझ्या हातात जोर नाही’ असे समजून वाद्य कोपऱ्यात उभे करतो. दोष हाताचा नसतो.

म्हणून अंदाजपत्रकाचा किमान पाचवा हिस्सा सेटअपसाठी (घोडी, नट आणि तारांची उंची नीट बसवून घेण्यासाठी) आणि नव्या तारांसाठी राखून ठेवावा. सेटअप करणाऱ्याने घोडीचे पाय फळीच्या गोलाईला नेमके बसवले पाहिजेत: पायाखाली साधा कागद कुठूनही सरकता कामा नये. नटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट पुरते. घोडीच्या पायांत वर-खाली करण्याचे स्क्रू बसवून घ्यावेत. आपल्या हवेत त्यांची गरज दर वर्षी पडते, कारण पावसाळ्यात फळी फुगून तारा वर येतात आणि कोरड्या दिवसांत त्या खाली बसून करकरू लागतात.

फिंगरबोर्ड स्वतः तपासावा. तो एबनीचा असावा, पण स्वस्त वाद्यांत मऊ लाकूड काळे रंगवून लावलेले असते. ओल्या फडक्याने खालची बाजू पुसली आणि फडके काळे झाले, तर समजावे की वर्षभरात तारा त्यात चऱ्या पाडतील. नंतर डोळा नटपाशी लावून फिंगरबोर्डच्या लांबीवरून नजर टाकावी. मधोमध अगदी उथळ, एकसारखी खळी दिसली पाहिजे. मध्ये उंचवटा किंवा लाट दिसली, तर ती रंधून काढण्याचा खर्च किमतीत धरावा.

हे काम व्हायोलिन दुरुस्त करणारा कारागीरच करू शकतो. त्यालाही आधी विचारावे की बेसचा साउंडपोस्ट (आत पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये उभी अडकवलेली काठी) बसवण्याचे लांब हत्यार त्याच्याकडे आहे का, कारण व्हायोलिनचे हत्यार तिथवर पोहोचत नाही. ओळखीच्या सुताराकडे मात्र कदापि नेऊ नये. ही वाद्ये सरसाने जोडलेली असतात, आणि सरस लाकडापेक्षा आधी सुटावा हीच त्यामागची योजना असते, म्हणजे ताण आला की लाकूड न फाटता जोड उघडतो आणि तो पुन्हा चिकटवता येतो. सुताराने तिथे फेव्हिकॉल भरला की पुढच्या वेळी जोड सुटत नाही, फळीच फाटते, आणि जुना फेव्हिकॉल खरवडून काढण्याचे काम मूळ दुरुस्तीच्या कितीतरी पट महाग पडते.

जुना बेस, परदेशी बेस

हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा मोठा भरणा होता, आणि त्या पिढीच्या घरांतून अधूनमधून एखादा जुना बेस विक्रीला येतो. असा बेस पाहताना तडे दिसले म्हणून पाठ फिरवू नये, पण तडा कुठे आहे ते पाहावे. एफ-छिद्रापासून निघालेला आणि नीट चिकटवलेला तडा चालतो. साउंडपोस्टच्या वर किंवा खाली आलेला तडा, विशेषतः पाठीवरचा, टाळावा, कारण सगळा दाब तिथेच पडतो. मोबाइलचा टॉर्च लावून छिद्रातून आत पाहिले, तर जुन्या तड्यांवर लावलेले लाकडाचे तुकडे आणि बेसबार (पुढच्या फळीला आतून चिकटवलेली लांब पट्टी) सुटला आहे का, हे दिसते. गळा अंगाला जिथे मिळतो तिथे बोटांनी चाचपून पाहावे. बेस पडला की बहुधा तिथेच मोडतो, आणि व्हार्निशखाली ती रेघ लपवलेली असू शकते.

परदेशातून मागवताना लोक वाद्याची किंमत पाहतात आणि वाहतूक विसरतात. विमानाने येणाऱ्या मालाचे भाडे वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते, आणि आकारमानाचा नेहमीचा हिशोब घन सेंटिमीटरला ६००० ने भागून केला जातो. दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच खोके धरले, तर ते १२५ किलो मानले जाते, मग आतला बेस दहा-बारा किलोचा का असेना. त्यावर सीमाशुल्क आणि कर वेगळे. समुद्रमार्गे स्वस्त पडते, पण कंटेनरमधली उष्णता आणि दमट हवा लक्षात घेता तसा प्लायवूडचाच बेस मागवावा.

अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलासाठी लगेच खरेदीच करू नये. तिथे बेस भाड्याने मिळतो, आणि काही दुकाने भरलेल्या भाड्याचा भाग पुढे किमतीतून वजा करतात. मुलाची उंची वाढत असताना तर हाच व्यवहार शहाणपणाचा.

बो, राळ आणि ने-आण

बोचे दोन प्रकार आहेत. फ्रेंच बो वरून धरतात आणि जर्मन बो खालून. कोणता चांगला या वादात न पडता आपले शिक्षक जो वाजवतात तोच घ्यावा. व्हायोलिनची राळ बेसला चालत नाही, ती जास्त कडक असते आणि जाड तार तिने पकडली जात नाही. बेसची राळ मऊ असते, इतकी की मे महिन्यात बंद गाडीत राहिली तर वाटीतून वाहून पिशवीला चिकटते, म्हणून ती उभी आणि गार जागी ठेवावी.

बेसची उंची एंडपिन (जमिनीवर टेकवायची खालची दांडी) आत असतानाही साधारण १८० सेंटिमीटर असते. रिक्षात तो बसत नाही, आणि लोकलने न्यायचाच असेल तर गर्दीची वेळ सोडून मालडब्यातून न्यावा. पुढची सीट पूर्ण मागे पाडली तर छोट्या गाडीत मावतो. टॅक्सी असो वा घर, तो कुशीवर ठेवावा, घोडीवर कधीही नाही, आणि भिंतीला टेकवून तर मुळीच उभा करू नये.

घरी आणल्यावरच्या तक्रारी

एखादा स्वर वाजवला की कुठेतरी झणझण होते, ही सर्वांत नेहमीची तक्रार. ती ऐकून लोक तारा बदलतात. आधी तो स्वर दुसऱ्याला वाजवायला सांगून एंडपिनचा स्क्रू, टेलपीसची (तारांची खालची टोके अडकवलेली पट्टी) तार, खुंट्यांची यंत्रणा आणि घोडीचे स्क्रू एकेक करून हाताने दाबून पाहावेत. तरीही आवाज थांबला नाही, तर कडेने बोटाच्या पेराने टकटक करत फिरावे. जोड जिथे सुटला आहे तिथे आवाज पोकळ, खडखडीत येतो. तेवढा भाग सरसाने चिकटवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि पावसाळ्यात ते करावे लागले म्हणून वाद्य सदोष ठरत नाही.

‘जी’ किंवा ‘ए’ च्या आसपास एखादाच स्वर गुरगुरतो, थरथरतो किंवा अडखळतो, तो बहुधा वुल्फ स्वर असतो. तो पूर्ण नाहीसा करता येत नाही. टेलपीस आणि घोडी यांच्यामधल्या तारेवर छोटे वजन बसवून त्याची जागा थोडी सरकवता येते.

तारा चढवताना घोडी फिंगरबोर्डच्या बाजूला झुकत जाते, म्हणून स्वरात लावल्यावर दर वेळी तिची टेलपीसकडची बाजू फळीला काटकोनात आहे का ते पाहावे आणि दोन्ही हातांनी हळूच सरळ करावी. तारा बदलायच्या तर एका वेळी एकच काढावी. चारही एकदम सैल केल्या की आतला साउंडपोस्ट पडू शकतो. तो पडल्याचा आवाज आला, तर तारा पुन्हा ताणू नयेत, कारण आधाराशिवाय फळी खचते. सगळ्या तारा सैल ठेवून, घोडी उतरवून बेस कारागिराकडे न्यावा, आणि पडलेली काठी आतच राहू द्यावी किंवा सापडली तर बरोबर न्यावी, कारण ती त्या वाद्याच्या मापाने कापलेली असते.