पावतीपुस्तकापासून सुरुवात करा: सभासदांच्या मालकीचा फुटबॉल क्लब

मी इतवारीत एका ठोक किराणा व्यापाऱ्याकडे हिशोब लिहिते आणि संध्याकाळी उत्तर नागपुरातल्या आमच्या क्लबची खजिनदार असते. ऑफसाइड अजूनही मला पोरगाच समजावून सांगतो. तरी इंदोरा, जरीपटक्याकडची पोरं आपल्या मोहल्ल्यात क्लब काढायचा म्हणून विचारायला माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी भिशी चालवलेली एखादी बाई शोधा. गंमत करत नाही. वीस घरांतून दर महिन्याला वेळेवर पैसे काढणं, कोणी थकवले तर चारचौघांत न बोलता वसूल करणं, हे तिला येतं. फरक फक्त एवढा, आणि तो पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका: भिशीत आपला नंबर लागतो, इथे लागत नाही. दिलेले पैसे परत येणार नाहीत. तुम्हाला मिळतं ते एक मत.

नोंदणीचं फार डोक्यात घेऊ नका. संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली किमान सात जण लागतात आणि महाराष्ट्रात त्याच संस्थेची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद होते. अशा संस्थेची मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. संस्था बंद केली तरी उरलेलं दुसऱ्या संस्थेकडे जातं. बाकी कागद वकिलाकडून करून घ्या, फक्त घटनेत दोन ओळी हट्टाने घाला: एका सभासदाला एकच मत, आणि क्लबचं नाव, रंग किंवा मैदान बदलायचं असेल तर आमसभेची मंजुरी.

या दोन ओळी कशाला, असं एकाने विचारलं होतं. 2002 मध्ये लंडनचा विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा त्याच्या समर्थकांनी स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड ताब्यात घेतल्यावर नाराज झालेल्या लोकांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर उभा केला. तिथेही एका सभासदाला एकच मत. आपल्याकडे क्लब कोणी उचलून नेत नाही. न्यायला असतं काय, दोन नेट आणि बारा बॉल! आपल्याकडे तो जागेवर बसल्याबसल्या दुसऱ्याचा होतो.

आमच्या तिसऱ्या हंगामात एक भाऊ आले. जर्सी, बूट, कामठीला जायची बस, सगळं मी देतो म्हणाले. बदल्यात जर्सीवर फोटो आणि समितीत त्यांची दोन माणसं. पोरं खूश. मी आमसभा बोलावली. बराच वेळ कोणी काही बोलेना, मग आमच्या गोलकीपरची आजी उठली. "पैसे घ्या ना जी, कोन नाही म्हनते? पावती फाडा. पन मत त्याइले एकच भेटन, मले भेटते तेवढंच." भाऊंनी चहा घेतला आणि गेले. पावती काही फाडली नाही. त्या वर्षी आम्ही कामठीला तीन ऑटोंत बसून गेलो.

म्हणून वर्गणी कमी ठेवा. आमची महिन्याला पन्नास रुपये आहे. त्यात बससुद्धा निघत नाही, तरी वाढवत नाही. ज्याला जास्त द्यायचं त्याला देणगीची वेगळी पावती.

आता पावतीपुस्तक. छापील अनुक्रमांक, खाली कार्बन, आणि एका वेळी एकच पुस्तक बाहेर. तीन पोरांकडे तीन पुस्तकं दिली की एक हमखास पावसात भिजतं. चुकलेली पावती फाडून फेकायची नाही, तिच्यावर 'रद्द' लिहून पुस्तकातच ठेवायची. स्कॅनरवर आलेल्या पैशाचीही पावती फाडा, आणि स्कॅनर क्लबच्या खात्याचा हवा, कोणाच्या मोबाइलचा नको. माझ्याही नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मी पूर्ण हिशोब चार्टपेपरवर स्केचपेनने लिहून तर्रीपोह्याच्या ठेल्यावर लावते. मोबाइलवर पाठवला तर कोणी उघडत नाही. हातात पोह्यांची प्लेट असली की माणूस समोर असेल ते वाचतो. एकदा मी 'इतर खर्च 640' लिहिलं. ठेलेवाल्याने झारा हातात धरूनच विचारलं, "ताई, हा इतर म्हनजे कोन?" पुढचा अर्धा तास मी जुन्या पावत्या शोधत होते. तेव्हापासून आमच्या वहीत 'इतर' हा रकाना नाही.

खेळाडूंच्या पैशाचं नीट समजून घ्या. आपण अर्धव्यावसायिक म्हणतो, पण फिफाच्या नियमात तसा प्रकार नाही. लेखी करार आहे आणि खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तो व्यावसायिक, बाकी सगळे हौशी. आमच्याकडे तिघांशी करार आहे. उरलेल्यांना बसभाडं, बूट आणि खुराक. हरलो तरी पैसे ठरल्या दिवशीच द्या. चार्टवर आम्ही एकूण रक्कम लावतो, कोणाला किती ते नाही. मला स्वतःला नावंही लावावी वाटतात, पण त्या मतदानात मी दोनदा हरले आहे. हंगामाची नोंदणी जिल्हा संघटनेमार्फत होते. त्याआधी प्रत्येकाचं जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते बघा. एका अक्षरापायी आमचा स्ट्रायकर दोन मॅच बाहेर बसला.

समिती बदलली की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. एका वर्षी मी दिवाळीच्या गडबडीत विसरले. बँक नवीन सह्या घेईना, जुना अध्यक्ष पुण्याला नोकरीला गेलेला, आणि खात्यात पैसे असून गोलकीपरचे ग्लोव्हज माझ्या भिशीतून आले. आता ती तारीख घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिलेली असते.

मॅचच्या दिवशी टेप न्या. दोन खांबांच्या आत 7.32 मीटर, आडव्या दांड्याखाली 2.44. एकदा पावलांनी मोजला तर एका बाजूचा गोल हातभर मोठा झाला, आणि पहिल्या हाफला तोच आमच्या वाट्याला आला. मैदानावरच्या रेषांची चुन्याची फक्की सकाळी सहाला मारा, वारा सुटायच्या आधी. तान्ह्या पोळ्याला मॅच ठेवू नका. मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात, अर्धी टीम इतवारीत नाचत असते. मेमध्ये तर विचारूच नका, सकाळी आठनंतर पोरं उन्हात उभी करायची नाहीत.

मॅचला पेटीत जमलेले पैसे मैदानातच, दोन सभासदांसमोर मोजायचे आणि कागदावर तिघांच्या सह्या घ्यायच्या. मग नेट काढून घरी न्यायचे. आम्ही एकदा तसेच सोडून गेलो. सकाळी त्यात बकरी अडकलेली. नेट कापून सोडवावी लागली, आणि तिचा पाय मुरगळला म्हणून मालकाने तीनशे रुपये घेतले. त्या महिन्याच्या चार्टवर बस, फक्की, बॉल, ग्लोव्हज, आणि शेवटच्या ओळीत: बकरी, 300. ठेलेवाल्याने ते दोनदा वाचलं आणि पोहे वाढायला वळला.