पाडेलआधी पोटऱ्या तापवा

ऑफिस सुटल्यावर गाडी लावून थेट पाडेलच्या कोर्टवर उतरू नका. पाडेल म्हणजे काचेच्या भिंतींच्या आत रॅकेटनं खेळायचा, टेनिससारखा खेळ. गोव्याच्या दमट हवेत घाम लगेच फुटतो, पण घाम आला म्हणजे स्नायू तापले असं नव्हे. कोर्ट जेमतेम 20 बाय 10 मीटरचं, त्यामुळे धाव छोटी. पण काचेवर आपटून आलेल्या चेंडूसाठी गर्रकन वळावं लागतं आणि पोटरी धरते ती तिथेच. माझी धरली होती, दुसऱ्याच गेमला. आधी तीन-चार मिनिटं हलकं धावा, मग आडवी पावलं टाका, टाचा उचला, खांदे आणि मनगटं फिरवा. स्नायू ताणून धरून ठेवायचे व्यायाम खेळून झाल्यावर करा. सुरुवातीचे चेंडू जाळीजवळून हळू मारा, स्मॅश सगळ्यात शेवटी.