ह्युस्टनला नवीन आलात? पुराची तयारी आधी करा

नोकरी, मुलांची शाळा, गाडीचं लायसन्स या धावपळीत पूर कुणाच्या डोक्यात नसतो. पण इथला वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि सरकारी पूरविमा काढल्यावर तो लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. टीव्हीवर वादळाचं नाव ऐकून विमा काढायला धावलात तर त्या वादळापुरता काही उपयोग नाही. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. भाड्याने राहत असाल तरी फक्त सामानाचा, १ लाख डॉलरपर्यंतचा पूरविमा मिळतो. तो घ्याच.

'आमचं घर पूररेषेबाहेर आहे' या भरवशावर राहू नका. २०१७ च्या हार्वे वादळात बुडालेली बरीच घरं नकाशातल्या पूररेषेबाहेरचीच होती. शहराच्या पश्चिमेच्या केटी उपनगराकडे घर बघत असाल तर ते ॲडिक्स किंवा बार्कर धरणाच्या फुगवट्यात येतं का, हे खोदून विचारा. ही धरणं एरवी कोरडी असतात. आत झाडी, मैदानं, सायकलचे रस्ते. धरण आहे हे नवख्याला कळतही नाही. हार्वेत वरच्या बाजूला फुगवट्यातल्या वस्त्या बुडाल्या आणि पाणी सोडल्यावर खाली बफेलो बायूकाठची घरंही (बायू म्हणजे इथला संथ वाहणारा ओढा). गेल्या ५ वर्षांत घरात पाणी शिरलं असेल तर टेक्सासच्या घरमालकाने ते भाडेकरूला लेखी कळवायचं असतं. पण हार्वे आता त्या ५ वर्षांत बसत नाही. म्हणून जुन्या शेजाऱ्यांना गाठा आणि २०१७ मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते विचारा.

२६ जुलै २००५ ला मुंबईत कमरेइतक्या पाण्यातून चालत घर गाठलेले आपल्यात पुष्कळ आहेत. ती हिंमत इथे कृपा करून दाखवू नका. इथले रस्तेच जास्तीचं पाणी साठावं अशा बेताने बांधलेले आहेत. गटारं भरली की पाणी आधी रस्त्यावर थांबतं. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी ढकलत नेतं, दोन फुटांत मोठ्या एसयूव्हीही वाहून जातात. हायवेखालचे अंडरपास तर सर्वांत घातक, रात्री खोली कळतच नाही. ऑफिसातच रात्र काढावी लागली तर काढा.

कोल्हापूरकर पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात ना, तशी आपल्या जवळच्या बायूची पातळी बघायची सवय लावा. हॅरिस काउंटीच्या पूर-इशारा संकेतस्थळावर ती दिसते. मात्र पंचगंगा चढायला वेळ घेते, इथला बायू काही तासांत काठ सोडतो.

आई-बाबा बहुधा याच महिन्यांत इकडे येतात. त्यांनी भारतातून आणलेली औषधं, सगळ्यांचे पासपोर्ट, आय-७९७ (व्हिसाच्या अर्जाची मंजुरी कळवणारी नोटीस), जन्मदाखले हे सगळं एका जलरोधक पिशवीत हाताशी ठेवा. ब्रेकरची पेटी कुठे आहे ते त्यांनाही दाखवा, पण पाण्यात उभं राहून तिला हात लावायचा नाही हे बजावून सांगा. पाणी घरात चढू लागलं तर वरच्या मजल्यावर जा. बंद माळ्यावर नको, तिथून छपरावर निघायला वाट नसते.

पाणी ओसरल्यावर काहीही फेकण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट सगळ्याचे फोटो काढा. भिजलेला गालिचा लगेच बाहेर काढा, एक-दोन दिवसांतच बुरशी धरते.