क्रॉस-कंट्रीच्या सरावात या चुका टाळा: घोडा अडथळ्यापुढे का अडतो?

क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानातील पक्क्या अडथळ्यांवरून घोडा उडवत नेण्याच्या प्रकारात, घोडा ओंडक्यापुढे येऊन थबकला की बहुतेक नवे स्वार अखेरच्या दोन ढांगांचाच विचार करतात आणि पुढच्या खेपेस अधिक जोराने टाच मारतात. सरावातील बहुतेक अडचणींचे मूळ या समजुतीत आहे, कारण घोड्याने नकार द्यावा असे जे काही घडायचे असते ते बहुधा अडथळ्याच्या दहा-पंधरा ढांगा आधीच घडून गेलेले असते. वेग, रेषा आणि तोल या तीन गोष्टी स्वाराने सांभाळायच्या असतात. पाय कोठे टाकायचे आणि अंग किती उचलायचे हा घोड्याचा प्रांत आहे, आणि त्यासाठी लागणारा वेळ व मोकळीक त्याला मिळालीच पाहिजे.

वेगाविषयीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो. इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या स्पर्धेत ड्रेसाज (शिस्तबद्ध चालींचे प्रदर्शन), क्रॉस-कंट्री आणि शो-जंपिंग (मैदानातील दांड्यांवरून उड्या) असे तीन भाग असतात, आणि क्रॉस-कंट्रीला वेळेचे बंधन असल्यामुळे सतत पळत राहिले पाहिजे असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात ठरलेल्या वेळेनंतरच्या प्रत्येक सेकंदाला 0.4 दंडगुण लागतो, तर घोडा एकदा अडला की 20. म्हणजे एक नकार 50 सेकंदांच्या उशिराएवढा पडतो. भारताचे स्वार फौआद मिर्झा यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीत 11.20 दंडगुण घेतले, ते सगळे वेळेचे होते, एकाही अडथळ्याचे नव्हते, आणि पुढे ते वैयक्तिक अंतिम फेरीपर्यंत पोहोचले. नवशिक्याने घड्याळ घरी ठेवून सराव केला तरी चालेल.

वेग कमी करणे म्हणजे लगाम खेचून घोड्याला आखडणे, असेही नाही. लांब, पुढच्या पायांवर भार टाकणारी दौड अडथळ्यापर्यंत तशीच नेली तर घोड्याला अंग उचलता येत नाही, आणि शो-जंपिंगचा दांडा धक्क्याने खाली पडतो तसा इथला ओंडका पडत नाही. पुढचे पाय अडकून घोडा उलटणे हा या खेळातील सर्वांत भीषण अपघात आहे. म्हणून अडथळ्याच्या बरेच आधी स्वाराने खांदे उचलून, पोटऱ्या घोड्याच्या अंगाशी ठेवून त्याचे मागचे पाय पोटाखाली आणावेत. ढांग आखूड व्हावी, जोर मात्र कमी होऊ नये. ही तयारी अगदी अडथळ्याच्या तोंडाशी सुरू करणे ही स्वतंत्र आणि फार सर्रास दिसणारी चूक आहे. तिथे लगामाची ओढाताण झाली की घोड्याचे लक्ष अडथळ्यावरून उडून तोंडातील लोखंडाकडे जाते. यावर उपाय मोकळ्या मैदानात, एकही अडथळा न ठेवता करता येतो: वेगाने जावे, ठरलेल्या झाडापाशी ढांग आखूड करावी, काही ढांगांनंतर पुन्हा मोकळे सोडावे. हे सहज जमेपर्यंत उड्या वाढवू नयेत.

पाणी आणि चर यांच्यापुढे घोडा अडतो तेव्हा त्याला हट्टी ठरवण्यापूर्वी त्याची नजर समजून घ्यावी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने नाकाच्या अगदी समोरचा भाग त्याला दिसत नाही, आणि उन्हातून सावलीत गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा अधिक वेळ लागतो. चकाकणाऱ्या पाण्याचा तळ तर त्याला कळतच नाही. अशा वेळी चाबूक मारला तर पाणी आणि वेदना यांची जोडी त्याच्या मनात कायमची बसते. स्पर्धेतील पाणी 35 सेंटीमीटरपेक्षा खोल नसते, पण हे घोड्याला अनुभवानेच पटवावे लागते. आपल्याकडे पावसाळ्यानंतर वाहणारे उथळ ओढे यासाठी उत्तम असतात. मात्र तळ मुरमाचा आहे की गाळाचा, हे आधी स्वतः पाण्यात चालून पाहावे. पाण्याची सवय असलेला शांत घोडा पुढे ठेवावा आणि नवा घोडा मागोमाग चालत न्यावा. दुडकी आणि कँटर (दुडकीहून वेगाची चाल) त्यानंतर. घोडा काठावर थांबून मान खाली घालून हुंगत असेल तर त्याला हुंगू द्यावे, फक्त वळून माघारी जाऊ देऊ नये. चराच्या बाबतीत चूक बहुधा स्वाराच्या नजरेची असते. स्वार खाली पाहतो, त्याचे खांदे पुढे झुकतात, भार घोड्याच्या पुढच्या पायांवर जातो आणि घोडा थांबतो. नजर पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर ठेवावी.

घोडा अडथळ्याला बगल देऊन बाजूने निघून जात असेल, तर दोष वेगाचा कमी आणि रेषेचा अधिक असतो. अरुंद अडथळे आणि कोपरे (त्रिकोणी अडथळे) यांचा सराव आधी जमिनीवरील दोन दांड्यांमधून सरळ जाण्याने करावा, मग उडीसाठी लहान पिंप ठेवावे. घोडा डावीकडे निसटला तर त्याला उजवीकडे वळवून परत आणावे, म्हणजे निसटण्याची दिशा त्याच्या अंगवळणी पडत नाही.

उंचावरून खाली उतरणाऱ्या उडीत स्वाराची मांड उघडी पडते. पाठ घोड्याच्या मानेवर झुकलेली आणि पाय मागे सरकलेले असतील तर पाय टेकताच स्वार पुढे फेकला जातो. मैदानी दौडीसाठी रिकिबी आखूड कराव्यात, उतरताना पोटरी किंचित पुढे ठेवावी आणि लगाम बोटांतून घसरू द्यावा. लगाम धरून ठेवला तर घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो आणि पुढच्या वेळी तो उतरायलाच तयार होत नाही. सैल सुटलेला लगाम दोन ढांगांत पुन्हा गोळा करता यावा, याचा सराव चालत्या घोड्यावरही होतो.

कालपर्यंत आनंदाने उडणारा घोडा अचानक नकार देऊ लागला, तर शिकवणी वाढवण्याआधी खोगीर, दात, नाल आणि पाठ तपासून घ्यावी. उन्हाळ्यात आपली काळी जमीन दगडासारखी कडक होते आणि खूर दुखणारा घोडा उडी टाळतो, यात त्याचा काहीच दोष नसतो. शिवाय हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत तयार होतात, पण कंडरा आणि हाडे बळकट व्हायला महिने लागतात. घोड्याला दम लागत नाही म्हणून त्याचे पायही तयार आहेत, असे मानणे धोक्याचे आहे. दमसासासाठी दर चौथ्या दिवशी मिनिटाला सुमारे 400 मीटर वेगाने पाच-पाच मिनिटांचे तीन टप्पे आणि मध्ये तीन मिनिटे चाल, ही जुनी पद्धत उपयोगी आहे, पण तिथवर हळूहळू पोहोचावे.

दौड संपल्यावर तापलेल्या घोड्याला गार पाणी घातले तर अंग आखडते, ही समजूत सोडावी. भरपूर गार पाणी सतत ओतावे, त्याला चालवत ठेवावे आणि प्यायलाही द्यावे. नाडी आणि श्वास उतरत नसेल, किंवा तापमान 38.5 अंशांच्या वर टिकून राहिले, तर पशुवैद्याला बोलवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी खोगीर घालण्यापूर्वी चारही पायांवरून हात फिरवून कोठे गरम किंवा सुजलेले लागते का ते पाहावे आणि सपाट जमिनीवर सईसाकरवी घोडा दुडकी चालवून बघावा. पाय टेकताना मान खाली-वर होत असेल तर त्या दिवशी स्वारी करू नये.