स्लॅब भरण्याआधी बाल्कनीची सळई कशी तपासावी

सळयांची जाडी, अंतर, कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे) नकाशाशी ताडून घ्या. सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या तात्पुरत्या साच्याच्या, फटी बुजवून घ्या. एवढं झालं की थेट बाल्कनीपाशी या, जिवावर बेतणारी चूक इथेच होते.

काँक्रीट दाब उत्तम पेलतं, ताण मात्र दाबाच्या जेमतेम एक दशांश सोसतं. म्हणून जिथे ताण, तिथे सळई. दोन बाजूंना टेकलेला स्लॅब मधे खाली वाकतो, ताण तळाशी येतो. बाल्कनी एकाच बाजूने धरलेली असते. तिचं मोकळं टोक झुकतं आणि भिंतीपाशी वरचा भाग ताणला जातो. तिथे मुख्य सळई वरच हवी. "थोडी जास्त सळई टाका, मग काळजी नाही" असं कुणी सांगितलं तर मुळीच ऐकू नका. तळाला दुप्पट सळई टाकली तरी वरची भेग ती थांबवत नाही.

समजा, 125 मिमी जाडीच्या बाल्कनीत वरची सळई तळापासून 100 मिमीवर धरली आहे. ती दबून 60 मिमीवर आली, तर ताकद साधारण 40 टक्क्यांनी घटते. माझ्या एका कामावर हेच झालं. सकाळी सळयांची जाळी तपासून मी निघून गेलो. दुपारी घमेली घेऊन ये-जा करणाऱ्यांच्या पायांखाली ती दबली. सेंटरिंग काढल्यावर भिंतीला लागून वरच्या अंगाला केसाएवढी सरळ भेग दिसली. बाल्कनी तोडून पुन्हा भरावी लागली. तेव्हापासून वरच्या जाळीखाली कमी कमी अंतरावर चेअर (जाळी उचलून धरणारे सळईचे वाकवलेले पाय) लावून घेतो, चालायला वेगळ्या फळ्या टाकायला लावतो आणि काँक्रीट पडेपर्यंत तिथून हलत नाही. तुम्हीही हलू नका. टेप लावून उंची मोजा, नजरेवर जाऊ नका.

वरची सळई भिंतीपाशी संपता कामा नये. बाल्कनी भिंतीबाहेर जेवढी लांब येते, त्याच्या निदान दीडपट ती आतल्या स्लॅबमध्ये गेली पाहिजे. आणि ऐन वेळी "अजून थोडी बाहेर काढू" म्हणू नका. लांबी दुप्पट केली की नुसत्या स्लॅबच्या वजनानेच भिंतीपाशी वाकवणारा जोर चौपट होतो. नव्याने हिशोब केल्याशिवाय ते करायचं नाही.

काँक्रीट भरा, दाबून घ्या, पाणी मारा.

टेकू काढायची घाई नको. इंजिनिअरने सांगितलेले दिवस भरले की मोकळ्या टोकाकडून सुरुवात करून भिंतीकडे या. भिंतीजवळचे टेकू सगळ्यात शेवटी.