गावाजवळ घातक कचऱ्याचा प्लांट येतोय म्हणे? आधी झोन बघा

आमच्याकडे ही बातमी आली ती चहाच्या टपरीवर, की माळावर केमिकल कंपन्यांचा कचरा जाळायचा प्लांट येणार, आणि दुसऱ्या दिवसापासून व्हॉट्सॲपवर नुसता धुरळा, निवेदनं काय, रास्ता रोको काय, पण जमिनीचा गट नंबर कोणता हे पंधरा दिवस कुणालाच सांगता येईना. गट नंबर नाही तर पुढचं काहीच हलत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

महाभूलेखवर सातबारा काढा, फेरफार बघा, जमीन हल्ली कुणाच्या नावावर चढलीय ते कळतं. मग तो गट नंबर घेऊन जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जा (नगरपालिका हद्द असेल तर पालिकेत) आणि झोन दाखला (आराखड्यात ती जमीन कुठल्या वापरासाठी ठेवलीय, शेती की औद्योगिक, याचा लेखी दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशाचा तेवढाच तुकडा) दोन्ही मागा. साधा अर्ज, सोबत सातबारा आणि मोजणीचा नकाशा, चलन भरायचं, बस. तोंडी सांगितलेलं मात्र अजिबात धरू नका. आम्हाला टेबलावरच्या एका भाऊसाहेबांनी "इंडस्ट्रियलच आहे हो ते" असं छातीठोक सांगितलं होतं आणि दाखला हातात आला तर शेती झोन!

जमीन एमआयडीसीच्या अधिसूचित क्षेत्रात असेल तर गोष्ट वेगळी, कारण तिथे नियोजन प्राधिकरण एमआयडीसी स्वतःच असते आणि नियमावलीपण त्यांचीच, नगररचनावाले हात वर करतात. तळोजा, महापे, रांजणगाव, बुटीबोरी, राज्यातले घातक कचऱ्याचे मोठे प्लांट असे औद्योगिक पट्ट्यातच बसलेत. जमीन एमआयडीसीबाहेर असेल तर बहुतेक ठिकाणी 2020 ची राज्याची एकीकृत विकास नियंत्रण नियमावली म्हणजे यूडीसीपीआर लागते, तिचं चौथं प्रकरण उघडा, कुठल्या झोनमध्ये काय चालतं ते तिथे आहे. शेती झोन म्हणजे फक्त शेती असं समजू नका हं, परवानगीच्या वापरांची यादी चांगली लांबलचक आहे. प्रकल्पवाले "आमचा कचरा प्रक्रिया प्रकल्प" एवढंच म्हणतात, तुम्ही विचारायचं, घनकचरा (गाव-शहरातला रोजचा) की घातक कचरा (कारखान्यांचा)? दोघांचे नियम वेगळे आहेत आणि यादीतल्या एकाची परवानगी दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही.

आता सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथे. झोन शेती निघाला की सगळे निवांत होतात, पण झोन बदलता येतो. प्रादेशिक योजना असेल तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं कलम 20, विकास आराखडा असेल तर कलम 37. त्याची नोटीस राजपत्रात आणि पेपरात येते आणि हरकतीला साधारण महिनाभर मिळतो. त्या नोटिशीत कचरा, प्लांट, धूर असला एक शब्द नसतो, "मौजे अमुक येथील गट क्र. तमुक शेती विभागातून वगळून औद्योगिक विभागात समाविष्ट करणे" एवढंच, ते पण बारीक टायपात, म्हणून गट नंबर पाठ पाहिजे. आणि "अजून एनए (बिगरशेती) झालेलं नाही" यावर तर मुळीच विसंबू नका, औद्योगिक झोनमधल्या जमिनीला उद्योगासाठी वेगळी एनए परवानगी लागत नाही.

झोन बरोबर असला तरी अंतरं राहतातच. घातक कचऱ्याच्या लँडफिलसाठी (कचरा पुरायच्या जागेसाठी) केंद्रीय प्रदूषण मंडळाचे निकष आहेत, वस्तीपासून 500 मीटर, तलावापासून 200, नदीपासून 100. गूगल अर्थवर पट्टी टाकून मोजा आणि स्क्रीनशॉट ठेवा, गावच्या पाणीपुरवठ्याची विहीर विसरू नका. राज्याचं नदी नियमन क्षेत्राचं धोरण (नदीपासून किती अंतरावर कुठले उद्योग चालतील ते ठरवणारं) मात्र अर्जात टाकू नका, ते 2015 मध्येच रद्द झालंय, तरी जुन्या निवेदनातून कॉपी-पेस्ट होऊन अजून फिरतंय आणि मग साहेब पहिला मुद्दा वाचूनच फाईल बाजूला सारतात.

मग पर्यावरण मंजुरीआधीची जनसुनावणी. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे 30 दिवस आधी पेपरात नोटीस पाहिजे, अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे, तो कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, प्रदूषण मंडळ अशा ठिकाणी ठेवलेला असतो. (मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आत असेल तर सुनावणीतून सूट मिळू शकते, हे आधीच तपासा.) तिथे "वास येईल, पिकं जळतील" असं पन्नास जण बोलले तरी टिपणात एकच ओळ पडते, त्यापेक्षा चार जणांनी झोन दाखला, भाग नकाशा, मोजलेली अंतरं घेऊन एकेक मुद्दा लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, तोपर्यंत कुणी उठू नका, आपला मुद्दा त्यात नसेल तर तिथेच हात वर करा.

पर्यावरण मंजुरी मिळालीच तर हरित लवादाच्या (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायाधिकरण) पुणे खंडपीठात अपील 30 दिवसांत, उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवसांपर्यंत. फक्त झोनचं भांडण तिथे नेऊ नका, लवादाच्या कायद्यांच्या यादीत एमआरटीपी नाहीच, त्यासाठी हायकोर्टाचा वकील बघावा लागतो.