भीती वाटली तरी चष्मा आणला

‘त्यात काय घाबरायचं?’ बालवाडीत शिकवायला लागले तेव्हा हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणत असेन. त्याने मूल धीट होत नाही, फक्त भीती सांगायचं बंद करतं.

माझा नातू चार वर्षांचा. आतल्या अंधाऱ्या खोलीत एकटा जायचा नाही. ‘जाऊन दाखव बघू’ असं मी म्हटलं नाही, त्यात परीक्षेचा वास येतो. त्याऐवजी खरंखुरं काम दिलं, ‘आजोबांचा चष्मा आत राहिलाय, आणायचा का?’ पहिल्या दिवशी त्याचा हात धरून गेले, पण दिव्याचं बटण त्यानेच दाबलं. काही दिवसांनी मी उंबऱ्यापाशी थांबले. मग खुर्चीतच बसून नुसती बोलत राहिले, त्याला माझा आवाज ऐकू जाईल इतपत. मधे एकदा दारातूनच परत आला. आलास तर आलास, म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात.

चष्मा हातात आल्यावर नुसतं ‘शाब्बास!’ म्हणून सोडू नका. घडलं ते त्यालाच सांगा: ‘भीती वाटत होती, दारात थांबलास, तरी दिवा लावलास. आता आजोबांना पेपर वाचता येईल.’ आमच्याकडे हेच रात्री आईला तिखटमीठ लावून सांगितलं जातं. (काचेवर बोटांचे ठसे असतात. आजोबा गुपचूप पुसतात.)

मदतीची हौस मुलांना शिकवावी लागत नाही. फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात दीड वर्षांची मुलं समोरच्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देत होती. २००८ मध्ये त्यांनाच असंही दिसलं, की मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळालेली मुलं पुढे कमी मदत करतात. मी वर्गातले स्टिकर बंद केले ते हे वाचून.

आपणच ती हौस घालवतो. एका मुलीने टेबल पुसलं आणि तिच्यामागून मी पुन्हा पुसलं. तिने पाहिलं. पुढे कितीतरी दिवस तिने फडक्याला हात लावला नाही. आता ओघळ राहिले तर राहू देते, मुलं घरी गेल्यावर पुसते. पाणी आणायला सांगायचं तर भांडं अर्धंच भरा, आणि सांडलं तर पुसायचं फडकं कुठे आहे ते आधीच दाखवून ठेवा.